ताम्रलिप्तीचं तमलुक कसं झालं

सोपारा, भडोच, ताम्रलिप्ती. प्राचीन बंदरांची ही यादी शाळेत बहुतेकांनी पाठ केलेली असते. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा हे आपल्याला माहीत असतं, भडोच अजून भडोचच आहे. ताम्रलिप्तीचं पुढे काय झालं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती आहे तिथेच आहे. पश्चिम बंगालमध्ये, गंगेच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम कडेला, रूपनारायण नदीच्या उजव्या काठावर. आता तिला तमलुक म्हणतात. २००२ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हापासून तमलुक पूर्व मेदिनीपूरचं मुख्यालय आहे. समुद्र मात्र गावापासून कधीच लांब गेला.

नावाचा सरळ अर्थ ‘तांब्यानं लिंपलेलं’. पश्चिमेला सिंहभूमच्या डोंगरांत तांब्याच्या जुन्या खाणी आहेत. तिथलं तांबं या बंदरातून बाहेर जात असणार आणि त्यावरूनच नाव पडलं असणार, असं बरेच अभ्यासक मानतात. पण नावाची रूपं एवढी आहेत की एकाच व्युत्पत्तीवर थांबता येत नाही. पालीत तामलित्ती, टॉलेमीच्या भूगोलात तमालितेस, दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त दामलिप्त. बाराव्या शतकात गुजरातेत बसून कोश रचणाऱ्या हेमचंद्रानं तर तमालिनी, स्तंबपुरी, विष्णुगृह असे पर्यायही नोंदवले. ‘दामलिप्त’वरून काहींनी थेट तमिळांशी नातं जोडलं, मला ते ओढूनताणून वाटतं.

सगळ्यांत मजेशीर व्युत्पत्ती ‘तमस्’वरून आहे: अंधारानं, पापानं माखलेलं गाव. वंगात किंवा कलिंगात जाऊन आल्यास प्रायश्चित्त घ्यावं, असं बौधायन धर्मसूत्र सांगतं. तेव्हा मध्यदेशातल्या, म्हणजे गंगा-यमुनेच्या खोऱ्यातल्या वैदिकांना हे नाव असं फोडावंसं वाटलं असेल तर नवल नाही. गावाला ते कसं पचावं? मग कथा आली: कल्की रूपात दैत्यांशी लढताना विष्णूला घाम आला, त्याचे थेंब इथे पडले आणि भूमी पावन झाली. कलंक पुसायला कोणा स्थानिक पंडितानंच ही रचली असावी.

बंदराचं वैभव मात्र कथांवर अवलंबून नाही. श्रीलंकेचा पाली इतिहासग्रंथ ‘महावंस’ सांगतो की अशोकानं बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेला पाठवली ती इथूनच. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी यात्रेकरू फाहियान इथे दोन वर्षं राहिला, सूत्रांच्या नकला केल्या, मूर्तींची चित्रं काढली आणि व्यापाऱ्यांच्या जहाजानं चौदा दिवसांत सिंहलला पोहोचला. त्यानं वीसहून अधिक विहार मोजले. सातव्या शतकात ह्युएनत्संग आला तेव्हा दहाएक उरले होते. त्याच शतकात, ६७३ मध्ये, इत्सिंग हा चिनी भिक्षू समुद्रमार्गे इथेच उतरला आणि नालंदेला जाण्यापूर्वी इथे राहून संस्कृत शिकला. १९५४-५५ च्या उत्खननात दूरच्या व्यापाराची खूण असलेली चक्रांकित खापरं सापडली. इथली दागिन्यांनी मढलेली एक मृण्मय यक्षी आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे.

आठव्या शतकानंतर ताम्रलिप्तीचा उल्लेख विरळ होत जातो. हजारीबागजवळच्या दूधपाणीच्या शिलालेखात अयोध्येहून ताम्रलिप्तीला व्यापाराला गेलेले तीन भाऊ भेटतात. बंदर म्हणून तिची ही जवळजवळ शेवटची कोरीव नोंद. कोणी शहर जाळलं वगैरे काही नाही. गाळ साचत गेला, नद्यांनी पात्रं बदलली, मोठी गलबतं यायची थांबली. ज्या गाळावर गाव उभं राहिलं, त्यानंच बंदर बुजवलं. गाव तेवढं उरलं. सतराव्या शतकात मोगल इतिहासकार शिहाबुद्दीन तालिश लिहितो की पोर्तुगीज आणि मघ, म्हणजे आराकानी, चाचे पकडून आणलेली माणसं इथे विकत असत. आणखी शंभर वर्षांनी नागपूरकर भोसल्यांचे बारगीर, म्हणजे बंगाल्यांचे ‘बर्गी’, बंगालभर लूट करत फिरले. बंगालमध्ये त्यांच्या नावानं अजून पोरांना झोपवतात. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांत मात्र अशी आख्यायिका आहे की इथल्या बर्गभीमा देवीच्या धाकानं त्यांनी तमलुकला हात लावला नाही, उलट देवळात दानं केली. आपल्याकडच्या वाचकानं ही वाचून लगेच छाती फुगवायचं कारण नाही. गावोगावच्या आठवणी वेगळं सांगतात.

जुनं नाव पुन्हा बाहेर आलं ते १९४२ मध्ये. २९ सप्टेंबरला तमलुकवर निघालेल्या मोर्चात तिरंगा धरलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या मातंगिनी हाजरा गोळीबारात मारल्या गेल्या. सोळा ऑक्टोबरला भीषण चक्रीवादळानं किनारपट्टी उद्ध्वस्त केली. सरकारी मदत पोहोचेना. १७ डिसेंबरला सतीशचंद्र सामंत यांच्या नेतृत्वाखाली इथे समांतर सरकार उभं राहिलं. त्याची न्यायालयं होती, ‘विद्युत वाहिनी’ नावाचं दल होतं. वादळग्रस्तांना धान्यही ते वाटत असे. साताऱ्याचं पत्री सरकार ज्यांना माहीत आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. दोन्हींचा काळही जवळपास एकच. या सरकारचं नाव ‘तमलुक’ नव्हतं. ते ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’ होतं. बंगालीत जातीय म्हणजे राष्ट्रीय. ते १९४४ पर्यंत टिकलं, मग गांधीजींच्या आवाहनानंतर विसर्जित झालं.

आज इथली नगरपालिका, महाविद्यालय आणि २०२२ मध्ये सुरू झालेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, सगळे ताम्रलिप्त हेच नाव लावतात. रेल्वे स्थानकाच्या फलकावर तमलुक आहे.