कुरडईचा चोथा आणि मक्यातलं झेइन

एप्रिल लागला की आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गच्चीवर आंबूस वास भरून राहायचा. पिंपात गहू तीन दिवस भिजत पडलेले असायचे, रोज पाणी बदललं जायचं, आणि चौथ्या दिवशी आई आणि शेजारच्या काकू ते वाटून फडक्यातून पिळायच्या. खाली पातेल्यात पांढराशुभ्र चीक. तो तळाशी बसला की वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं, चीक शिजवायचा आणि सोऱ्यातून कुरडया पाडायच्या. फडक्यात उरायचा तो चोथा. काकू त्याच्या भुसवड्या करायच्या, पण मला आठवतो तो त्याचा चिवटपणा. चिमटीत धरून ओढला की तो चटकन तुटायचा नाही, ताणला जायचा. चीक म्हणजे गव्हातलं स्टार्च आणि तो चिवटपणा म्हणजे गव्हातलं प्रथिन, हे कळायला मला पुढे माटुंग्याच्या प्रयोगशाळेपर्यंत जावं लागलं.

मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना पाहिला तेव्हा पहिल्यांदा ती गच्चीच आठवली. पद्धत तीच, फक्त पिंपाच्या जागी इमारतीएवढ्या टाक्या. मक्याचे दाणे साधारण ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ३० ते ५० तास भिजवतात. त्या पाण्यात थोडा सल्फर डायऑक्साइड असतो. दाणे त्यामुळे नासत नाहीत, पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे. दाण्यात स्टार्चचे कण प्रथिनाच्या जाळीत घट्ट अडकलेले असतात आणि त्या जाळीचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असतात. सल्फर डायऑक्साइड ते बंध सोडवतो. मग दाणे भरडतात. कोंब तेलकट असल्यामुळे हलका, तो वर तरंगतो. त्याचं मक्याचं तेल होतं. टरफल आणि भुसा चाळणीवर राहतो. उरलेलं दुधासारखं पाणी यंत्रात गरागरा फिरवलं की जड स्टार्च एकीकडे जातं आणि हलकं प्रथिन दुसरीकडे.

स्टार्चला मान मोठा. कॉर्नफ्लोअर, ग्लुकोज सिरप, कागदाची खळ, कापडाची कांजी, औषधाच्या गोळीतलं भरण, सगळीकडे ते जातं. प्रथिनाची पिवळी पूड वाळवून पोत्यांत भरतात आणि कोंबड्यांच्या, माशांच्या खाद्यात घालतात. तिला कॉर्न ग्लूटेन मील म्हणतात. नावात ग्लूटेन असलं तरी गव्हातलं ग्लूटेन त्यात नाही. तिच्यात साधारण ६० टक्के प्रथिन असतं, आणि मक्याचा पिवळा रंग त्याला धरून असतो. कोंबडीच्या पोटातून तो रंग अंड्याच्या बलकात उतरतो. सकाळी पावाबरोबर खाल्लेल्या बुर्जीचा पिवळेपणा पुष्कळदा असा मक्यातून आलेला असतो.

या पुडीतलं मुख्य प्रथिन म्हणजे झेइन. १८२१ साली अमेरिकेत बोस्टनच्या जॉन गोरॅम यांनी ते मक्यातून वेगळं काढलं आणि मक्याच्या ‘झिया’ या शास्त्रीय नावावरून त्याचं नाव पडलं. मक्यातल्या एकूण प्रथिनापैकी जवळजवळ निम्मं हेच असतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळेतले काही मणी पाण्याकडे ओढले जातात, काही पाण्यापासून पळतात. झेइनमध्ये ल्युसीन, प्रोलीन, अ‍ॅलॅनिन असे पळणारे मणी फार. पण त्याच माळेत ग्लुटामिनही भरपूर आहे, आणि त्याला पाणी आवडतं. म्हणून झेइन नुसत्या पाण्यात विरघळत नाही आणि पाणी अजिबात नसलेल्या शुद्ध अल्कोहोलमध्येही नाही. त्याला दोन्ही एकत्र लागतात. सत्तर टक्के अल्कोहोल आणि तीस टक्के पाणी असं मिश्रण दिलं की ते विरघळतं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तो दिवस जुलैचा होता, बाहेर धो धो पाऊस. पिवळी पूड कोमट अल्कोहोलमध्ये ढवळली, गाळली, आणि मधाच्या रंगाचं द्रावण काचेच्या वाटीत ओतून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाटीत पातळ, पारदर्शक, सोनेरी पापुद्रा होता. नखाने कड उचलली तर अख्खा निघाला. दिव्यासमोर धरला तर पलीकडचं दिसत होतं. वर पाण्याचा थेंब टाकला. तो गोल होऊन बसला, पसरला नाही. तोच पापुद्रा वातानुकूलित खोलीत दोन दिवस ठेवला आणि वाकवला, तर उडदाच्या पापडासारखा कटकन तुटला. हवेतली वाफ झेइनच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देते. मुंबईच्या पावसाळ्यात तो लवचीक असतो तो त्यामुळे. कोरड्या हवेत ताठर होतो. उद्योगात हवामानावर विसंबून चालत नाही, म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा ओलिक आम्ल मिसळतात.

असा पापुद्रा आपण सगळ्यांनी कधी ना कधी खाल्लेला असण्याची शक्यता आहे. कँडी आणि सुकामेव्यावर झेइनचा लेप देतात, म्हणजे आतलं तेल खवट होत नाही आणि बाहेरचा ओलावा आत शिरत नाही. औषधाच्या गोळ्यांवर तो कडू चव झाकतो आणि औषध हळूहळू सुटेल अशी सोय करतो. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडून जाणारी लाख अमेरिकेला पुरेशी मिळेना, तेव्हा वार्निशमध्ये लाखेच्या जागी झेइन वापरलं गेलं. आणि १९४८ पासून जवळजवळ दहा वर्षं तिथे झेइनचं चक्क सूत निघत होतं, ‘विकारा’ नावाचं. झेइन अल्कलीत विरघळवायचं, बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचं, तिथे त्याचा धागा बनतो, आणि मग फॉर्मल्डिहाइडने साखळ्या एकमेकींना बांधून तो पक्का करायचा. लोकरीसारखं मऊ, आणि कसर लागत नाही. नायलॉनसारख्या स्वस्त धाग्यांपुढे ते टिकलं नाही.

हेच झेइन पोटात मात्र अपुरं पडतं. १९१४ साली थॉमस ऑस्बोर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त झेइन दिलं. उंदरांचं वजन घटत गेलं. आहारात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळलं तेव्हा घट थांबली, पण वाढ होईना. मग लायसीनही मिसळलं आणि उंदीर वाढू लागले. झेइनच्या माळेत हे दोन मणी जवळजवळ नाहीतच. माणसाचं शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावे लागतात. युरोपात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब माणसं निव्वळ मक्यावर जगली तिथे पेलाग्राने हजारोंचे बळी घेतले. या रोगात कातडी सोलवटते, जुलाब लागतात, मन भ्रमतं. मुळाशी कमतरता नायसिनची, आणि शरीर नायसिन ज्यापासून बनवतं ते ट्रिप्टोफॅन झेइनमध्ये नाही. मेक्सिकोतल्या लोकांनी मका चुन्याच्या पाण्यात शिजवण्याची रीत शतकानुशतकं पाळली. चुन्यामुळे दाण्यात बांधलेलं नायसिन मोकळं होतं. त्या लोकांकडून मका जगभर गेला, रीत मात्र मागे राहिली.

आपल्याकडे भाकरीबरोबर पिठलं असतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ज्वारीच्या प्रथिनातही लायसीन कमीच, हरभऱ्यात भरपूर. ज्याने कोणी पहिल्यांदा भाकरीवर पिठलं वाढलं त्याने अमिनो आम्लांचा हिशेब जिभेने केला.

दाण्यातच सुधारणा करता येते का, याचं उत्तर १९६४ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मिळालं. ओपेक-२ नावाचं जनुक ज्या मक्यात बदललेलं असतं त्यात झेइन कमी बनतं, दुसरी प्रथिनं वाढतात आणि त्यांच्याबरोबर लायसीन, ट्रिप्टोफॅनही. पण पंचाईत झाली. दादरला बाजारातून मक्याचा एक सुका दाणा आणा आणि सुरीने उभा कापा. बाहेरची कड पिवळी, काचेसारखी दिसेल, मधला भाग खडूसारखा पिठूळ. ती काचेसारखी कड झेइनमुळे घट्ट असते. झेइन घटल्यावर सगळा दाणाच खडूसारखा झाला. मऊ पडला, किडीला सोपा, उत्पन्नही कमी. शेतकऱ्यांनी तो नाकारला, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. पोषण चांगलं आहे एवढ्यावर कोणी पोरकिड्याला कणगी देत नाही. पुढे मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका आणि गहू संशोधन केंद्रात आपले सुरिंदर वसल आणि तिथल्या एव्हांजेलिना व्हिलेगास यांनी वर्षानुवर्षं संकर करून दाणा पुन्हा टणक केला आणि लायसीन तसंच ठेवलं. २००० सालचं जागतिक अन्न पारितोषिक त्या दोघांना मिळालं.

डाळींची प्रथिनं निराळ्या स्वभावाची. ती सौम्य अल्कलीत विरघळतात आणि आंबट पाण्यात साकळतात. सोयाबीनचं शुद्ध प्रथिन असंच काढतात: तेल काढलेलं पीठ अल्कधर्मी पाण्यात घोळवायचं, गाळायचं, मग आम्लता साधारण ४.५ सामूपर्यंत नेली की प्रथिन दह्यासारखं खाली बसतं. लिंबू पिळून दूध फाडणाऱ्या प्रत्येकाने ही रसायनक्रिया पाहिलेली आहे. म्हणून डाळीचं प्रथिन काढणं स्वस्त, आणि झेइन महाग, कारण त्याला अल्कोहोल लागतं आणि ते पुन्हा गोळा करायला ऊर्जा लागते.

तरीही प्रयोगशाळांत झेइनवर बरीच धडपड चालू आहे, ती पाण्यात न विरघळणारे पदार्थ त्याच्या इवल्याशा गोळ्यांत कोंडण्यासाठी. डेटॉल पाण्यात टाकलं की पाणी दुधाळ होतं ना, तसंच झेइनचं अल्कोहोलमधलं द्रावण पाण्यात ओतलं की होतं. पाण्यापासून पळणाऱ्या साखळ्या एकमेकींना बिलगून केसाच्या जाडीच्या शेकडो पट लहान गोळ्या बनतात. त्याच द्रावणात हळदीतलं कुर्क्युमिन मिसळलेलं असेल तर तेही या गोळ्यांत कोंडलं जातं. कुर्क्युमिनलाही पाणी सोसत नाही, त्यामुळे एरवी पोटात ते फारसं शोषलंच जात नाही. शिवाय झेइन ३५ अंशांच्या आसपास गरम करून पाण्यासह मळलं की कणकेसारखं ताणलं जातं. ज्यांना गव्हाचं ग्लूटेन सोसत नाही त्यांच्या पावासाठी हे मोलाचं आहे. गच्चीवरच्या चोथ्याचा तो ताण मी पुन्हा हाताने अनुभवला तो या मक्याच्या गोळ्यात.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल मक्यापासूनही मोठ्या प्रमाणावर बनू लागलं आहे. तिथे दाणा दळून आंबवतात, इथेनॉल उडवून घेतात, आणि उरलेला चोथा वाळवून पशुखाद्यात घालतात. त्या उष्णतेत प्रथिनाचे गुण बरेचसे जातात. म्हणजे झेइन ज्यात विरघळतं ते अल्कोहोल याच आवारात तयार होतं, आणि झेइन मात्र शेवटी भाजून निघतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मुनीर चेरियन यांनी क्रम बदलून दाखवला: दळलेल्या मक्यातून आधी कारखान्यातल्याच इथेनॉलने झेइन आणि तेल काढून घ्यायचं, आणि मग उरलेलं स्टार्च आंबवायला पाठवायचं. कुरडईत आधी चीक निघतो आणि चोथा मागे राहतो. इथे आधी चोथ्यातलं प्रथिन काढायचं आणि चीक मागून.