सामी कोठाराची किल्ली कोणाकडे होती?

फिनलंडमधल्या रोवानिएमीला एक्स्चेंजवर आलेल्या विद्यार्थ्यांची एक सहल बहुधा होतेच. बसने उत्तरेला सव्वातीनशे किलोमीटर जायचं, इनारी गाठायचं आणि तळ्याकाठचं 'सीदा' हे सामी संग्रहालय बघायचं. निघताना डोक्यात बर्फ, रेनडिअर आणि सांताक्लॉज एवढंच असतं. आत निळे-लाल पोशाख, शिंगाच्या मुठीचे चाकू, लाकडी पाळणे दिसतात. तासाभरात सगळं बघून होतं आणि मंडळी कॅफेकडे वळतात. या वस्तू इनारीला कशा पोचल्या, कुठून परत आल्या, हे मात्र त्या तासात कळत नाही. खरी गोष्ट तर तीच आहे.

सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचं कोला द्वीपकल्प अशा चार देशांत विभागलेले आदिवासी लोक. संख्या अंदाजे ८० हजार ते १ लाख, आणि जिवंत भाषा नऊ. 'लॅप' हा बाहेरच्यांनी दिलेला शब्द त्यांना अपमानास्पद वाटतो, जरी लॅपलँड हे नाव नकाशावर अजून टिकून आहे. 'सीदा' म्हणजे एकत्र राहणाऱ्या, शिकार-मासेमारी-रेनडिअर वाटून घेणाऱ्या कुटुंबांची वसाहत. स्वीडनच्या योक्मोक गावातल्या सामी संग्रहालयाचं नाव 'आयत्ते' आहे, म्हणजे कोठार. ही नावं सामींनी स्वतः ठेवली. त्याआधी त्यांचं सामान दुसऱ्यांच्या कोठारात होतं आणि किल्लीही दुसऱ्यांकडेच होती.

सुरुवात ढोलापासून करावी लागते. सामींचा नोआइदी, म्हणजे देवऋषी म्हणता येईल असा माणूस, रेनडिअरचं कातडं ताणलेला ढोल वाजवायचा. कातड्यावर सूर्य, प्राणी, देवता, माणसं रंगवलेली असत. ढोल वाजला की त्यावर ठेवलेली कडी थरथरत एखाद्या चित्राकडे सरके आणि त्यावरून कौल लागे. मिशनऱ्यांना ही सैतानाची करणी वाटली. सतराव्या-अठराव्या शतकांत ढोल जप्त झाले, जाळले गेले, काही राजेरजवाड्यांच्या कुतूहलाच्या दालनांत पोचले. १६९१ साली उत्तर नॉर्वेत अँडर्स पॉलसन या वृद्ध सामीचा ढोल काढून घेतला गेला. पुढच्या वर्षी वाड्सो इथे त्याच्यावर जादूटोण्याचा खटला चालला. न्यायालयात त्याने ढोलावरच्या चित्रांचा अर्थ सांगितला आणि कारकुनाने तो लिहून घेतला. ज्यांनी ती विद्या मोडायची ठरवली होती, त्यांच्याच दप्तरात तिची इतकी तपशीलवार नोंद राहिली! निकाल लागण्याआधीच कैदेत असताना एका मनोरुग्णाने पॉलसनला ठार मारलं. ढोल कोपनहेगनला गेला. १९७९ पासून तो नॉर्वेतल्या काराशोकच्या सामी संग्रहालयात होता, पण उसना. मालकी डेन्मार्ककडेच होती. ती सामींकडे आली २०२२ साली, म्हणजे जप्तीनंतर ३३१ वर्षांनी.

एकोणिसाव्या शतकात वस्तूंच्या जोडीला माणसंही मांडली जाऊ लागली. हॅम्बुर्गचा प्राण्यांचा व्यापारी कार्ल हागेनबेक १८७५ मध्ये रेनडिअर मागवत होता. बरोबर एक सामी कुटुंबही आणा, असं त्याला सुचवण्यात आलं. तिकीट काढून लोक त्यांचं तंबू लावणं, रेनडिअरचं दूध काढणं बघायला येऊ लागले. धंदा जोरात चालला. मग जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं आणून युरोपभर असे खेळ लावले गेले, आणि या प्रकाराची सुरुवात इथून झाली असं मानलं जातं. स्टॉकहोमचं खुलं संग्रहालय स्कान्सेन १८९१ मध्ये उघडलं, तिथेही सामी वस्ती 'जिवंत' दाखवली जाई. म्हणजे संग्रहालयात सामी असणं नवं नाही. आधी ते काचेच्या त्या बाजूला होते, एवढंच.

त्याहून वाईट प्रकरण हाडांचं. स्मशानं उकरून सामींच्या कवट्या विद्यापीठांत नेल्या गेल्या. १९२२ मध्ये स्वीडनने उप्सालाला वंशजीवशास्त्राची सरकारी संस्थाच काढली. तिचा प्रमुख हेर्मान लुंडबोर्ग सामींची डोकी मोजत, फोटो काढत फिरला. या हाडांची परतफेड अजून संपलेली नाही. स्वीडनच्या लिकसेले गावात २०१९ मध्ये २५ जणांच्या अवशेषांचं पुन्हा दफन झालं.

इनारीच्या संग्रहालयाला मात्र युद्धाचं निमित्त आहे. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने उत्तर फिनलंड जाळत नेलं. लोक दक्षिणेला हलवले गेले. परतल्यावर अनेकांना घरांच्या जागी राख मिळाली. फिनलंडचा पेत्सामो हा भाग सोव्हिएत संघाकडे गेल्याने तिथल्या स्कोल्ट या सामी गटाला नव्या जागी बस्तान मांडावं लागलं. जे वाचलं ते सांभाळायचं, या विचाराने 'सामी लित्तो' या संघटनेने १९५९ मध्ये संग्रहालय स्थापन केलं. वाचलेली जुनी लाकडी घरं, कोठारं, शिकारीचे सापळे एका आवारात आणले गेले आणि १९६३ पासून ते लोकांना खुलं झालं. आजची सीदाची इमारत १९९८ची.

तरीही जुन्या, मोलाच्या वस्तू हेलसिंकीतच होत्या. राष्ट्रीय संग्रहालयाने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेला दोन हजारांहून अधिक वस्तूंचा सामी संग्रह २०२१ मध्ये सीदाच्या नावे करण्यात आला. त्यासाठी इमारत वाढवली, साठवणीची नवी दालनं बांधली. २०२२ मध्ये नवं कायमस्वरूपी प्रदर्शन उघडलं. त्याचं नाव इनारी सामी भाषेत आहे, अर्थ असा: 'या भूमी आमची लेकरं आहेत'. भूमीला माता म्हणायची सवय असलेल्या मराठी माणसाला इथे थांबावंसं वाटतं. आई आपल्याला सांभाळते, लेकराला आपण सांभाळायचं असतं. २०२४ साली सीदाला युरोपातलं वर्षातलं सर्वोत्तम संग्रहालय हा पुरस्कार मिळाला.

सहलीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक संदर्भ. फिनलंडच्या पर्यटनात बिगरसामी लोकांनी स्वस्त नकली गाक्ती, म्हणजे सामींचा पारंपरिक पोशाख, घालून पाहुण्यांचं स्वागत करणं वर्षानुवर्षं चाललं. गाक्तीवरून घालणारी व्यक्ती कुठल्या भागातली आणि कुठल्या घराण्यातली ते कळतं, त्यामुळे ही थट्टा झोंबते. फिनलंडच्या सामी संसदेने २०१८ मध्ये पर्यटनासाठी नैतिक तत्त्वं जाहीर केली, त्यामागे हाच राग होता. फोटोसाठी गाक्ती अंगावर चढवायची हौस असेल, तर ती तिथे सोडून द्यावी हे बरं.

आता एक टोपी. सामी बायकांची 'लाद्योगाहपिर' मागे लाकडी शिंगासारखी वर उठलेली असे. त्या शिंगात सैतान राहतो असं धर्मोपदेशक म्हणत, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकाअखेर ती वापरातून गेली आणि उरल्या त्या संग्रहालयांत. अलीकडे कलाकार ओउती पिएस्की आणि पुरातत्त्वज्ञ एवा-क्रिस्तीना हार्लिन यांनी युरोपभरच्या संग्रहांतून या टोप्या शोधल्या. त्यांनी मापं घेतली, शिवण समजून घेतली आणि सामी बायकांबरोबर बसून त्या पुन्हा शिवल्या. काही बायका आता ती टोपी घालून घराबाहेर पडतात.