दिवाळीतील किल्ला

दिवाळीच्या सुटीत मुलांनी अंगणात, वाड्याच्या चौकात किंवा सोसायटीच्या एखाद्या कोपऱ्यात माती-दगडांचा किल्ला करण्याची महाराष्ट्रातील प्रथा. पुणे, सातारा, कोल्हापूर, मुंबई-ठाणे या भागांत ती विशेष रुजलेली असून सीमाभागात बेळगावातही जोमात आहे. हा धार्मिक विधी नव्हे. त्याला ना मंत्र लागतो, ना मुहूर्त. सहामाही परीक्षा संपली की माती कालवायला घ्यायची आणि वसुबारसेच्या सुमाराला किल्ला उभा करायचा, एवढाच दंडक. प्रथा थेट शिवकाळापासून चालत आल्याचे सांगतात, पण ही समजूत पुराव्यापेक्षा अभिमानावर अधिक उभी आहे.

दगड, विटांचे तुकडे, फुटक्या कुंड्या रचून आधी उंचवटा करतात. त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकतात. गोणपाटाला पडतील त्या घड्यांतूनच डोंगराच्या सोंडा आणि घळी तयार होतात. तटबंदी, बुरूज आणि पायऱ्या मात्र हातानेच थापाव्या लागतात. वरून अळीव किंवा मोहरी पेरून पाणी शिंपडत राहिले की चार-पाच दिवसांत उतार हिरवे होतात. पाणी जास्त झाले तर बुरूज ढासळतो, म्हणून हे काम धसमुसळ्या गड्याकडे देत नाहीत. पत्र्याचा डबा पुरून तळे आणि सलाइनची नळी जोडून कारंजे, ही वर्षानुवर्षे टिकून राहिलेली हौस.

मग चित्रे, म्हणजे छोट्या मूर्ती, मांडायची: मावळे, तोफा, हत्ती, गवळण, भाजीवाली, गुहेत वाघ. दरवाजापेक्षा मावळा उंच आणि पायथ्याच्या रस्त्यावर प्लॅस्टिकची मोटार, हे ठरलेलेच. किल्ला कोणताही असो, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज हवेतच. राज्याभिषेक रायगडावर 6 जून 1674 रोजी झाला आणि प्रतापगडाच्या पायथ्याचा अफझलखानवध 10 नोव्हेंबर 1659 चा. तरी मुलांच्या प्रतापगडावर दोन्ही प्रसंग गुण्यागोविंदाने नांदतात.

पूर्वी बहुतेक किल्ले मनचे असत. आता मंडळे, शाळा आणि वृत्तपत्रे स्पर्धा घेतात. त्यामुळे खऱ्या गडाची प्रतिकृती करण्याकडे ओढा वाढला आहे. मोठी मुले आधी गड चढून येतात, नकाशे आणि छायाचित्रे जमवतात. प्रथेचे खरे मोल इथे दिसते. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे डोंगराच्या तटबंदी केलेल्या सोंडा, माथ्यावरच्या बालेकिल्ल्याभोवती कशा पसरल्या आहेत हे कळल्यावाचून चिखलाला हात लावता येत नाही. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड लपलेला. समोरून आलेल्याला तो चटकन दिसत नाही. ही गोमुखी रचना पुस्तकात वाचून जेवढी डोक्यात शिरत नाही, तेवढी एकदा मातीत करून शिरते. 1664 मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग निवडला, तर भोवती पाणी टिकवण्याची पंचाईत वेगळीच.

किल्ला पाहायला येणाऱ्यांना गटातले एखादे पोर काठीने एकेक जागा दाखवत पाठ केलेली माहिती घडाघडा सांगते. आजोबा मध्येच शंका काढतात, मग थोरला भाऊ पुढे सरसावतो. तुळशीच्या लग्नापर्यंत हे चालते. नंतर किल्ला मोडतात. सुतळी बॉम्ब लावून उडवणारेही असतात, आणि त्यावरून दरवर्षी घरोघरी भांडणे होतात.

शहरांत अंगणे गेली, माती विकत आणावी लागते. बाजारात प्लास्टरचे तयार किल्लेही मिळतात. ते गॅलरीत शोभतात, पण त्यांत करायचे काहीच उरत नाही. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातील 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी 11 महाराष्ट्रातील असून बारावा तमिळनाडूतील जिंजी आहे. स्पर्धांच्या आयोजकांना त्यामुळे विषयांची यादी आयतीच मिळाली.