ॲटर्नी जनरल कुणाचा? गोन्झालेस यांना झालेल्या विरोधाची पार्श्वभूमी

३ फेब्रुवारी २००५ रोजी अमेरिकेच्या सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, ॲटर्नी जनरलपदी अल्बर्टो गोन्झालेस यांच्या नेमणुकीला ६० विरुद्ध ३६ मतांनी मंजुरी दिली. हिस्पॅनिक समाजातून ॲटर्नी जनरल झालेले ते पहिलेच. शेतमजुराचा मुलगा इथवर पोचला याचं कौतुक विरोधकांनीही मोकळेपणाने केलं, आणि तरी मत विरोधात टाकलं.

आपल्याकडे ॲटर्नी जनरल न्यायालयात केंद्र सरकारची बाजू मांडतात. अमेरिकेत हाच पदाधिकारी अख्खं न्यायखातं चालवतो. एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा त्याच्या हाताखाली असते. राष्ट्राध्यक्षांच्या माणसांची चौकशी करायची वेळ आली तर तीही त्याच्याच खात्याकडे येते. त्याला नेमतात मात्र राष्ट्राध्यक्षच. वादाचं मूळ इथे आहे.

म्हणूनच या पदासाठी आलेली नावं सिनेटने याआधीही फेटाळली होती. १८६८ मध्ये हेन्री स्टॅनबेरी महाभियोगात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा बचाव करण्यासाठी ॲटर्नी जनरलपद सोडून गेले. जॉन्सन थोडक्यात बचावले, त्यांनी स्टॅनबेरींनाच पुन्हा त्या पदावर आणायचं ठरवलं, आणि सिनेटने नकार दिला.

१९२५ चा प्रसंग जास्त बोलका आहे. आधीचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचे दोस्त हॅरी डॉहर्टी ॲटर्नी जनरल असतानाच्या काळात न्यायखात्याची पुरती अब्रू गेली होती. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी चार्ल्स वॉरन यांचं नाव पुढे केलं. वॉरन यांचे साखर ट्रस्टशी, म्हणजे साखरेच्या धंद्यावर मक्तेदारी गाजवणाऱ्या कंपन्यांच्या गटाशी, जुने लागेबांधे. मक्तेदारीविरोधी कायदा ज्यांच्यावर उगारायचा, त्यांचाच माणूस तो कायदा राबवणार कसा, हा आक्षेप कूलिज यांच्या पक्षातल्या काहींनाही पटला. १० मार्चला मतं पडली ४०-४०. निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स डॉज यांचं होतं, पण आज मतदान नाही असं समजून ते विलर्ड हॉटेलात विश्रांतीला गेले होते. ते धावतपळत येईपर्यंत एका सदस्याने मत बदललं आणि वॉरन ४१-३९ ने पडले. कूलिज यांनी तेच नाव पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा पराभव आणखी मोठा झाला.

गोन्झालेस हे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे टेक्सासपासूनचे कायदेशीर सल्लागार. ऑगस्ट २००२ मध्ये न्यायखात्याने कैद्यांच्या चौकशीबद्दल गोन्झालेस यांच्या नावे एक टिपण पाठवलं: अवयव निकामी होणं किंवा मृत्यू, यांच्या तोडीची वेदना असेल तरच तो शारीरिक छळ. एप्रिल २००४ मध्ये इराकमधल्या अबू घरेब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रं जगापुढे आली, जूनमध्ये हे टिपण फुटलं. सरकारने त्याजागी नवं टिपण काढलं ते ३० डिसेंबरला, म्हणजे सुनावणीला जेमतेम आठवडा उरला असताना. सुनावणीत गोन्झालेस म्हणाले की छळाला आपला विरोध आहे. पण जुन्या टिपणाबद्दल नेमकं विचारलं की उत्तरं पातळ होत. न्यायविषयक समितीत १०-८ अशी सरळ पक्षनिहाय फूट पडली. सभागृहात विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे सहा सदस्य त्यांच्या बाजूने गेले.

माझ्या मते विरोध करणाऱ्यांचं निदान अचूक होतं. बुश यांचा वकील देशाचा वकील होऊ शकेल का, ही त्यांची शंका दोन वर्षांत खरी ठरली. संघराज्याच्या सरकारी वकिलांना राजकीय कारणांनी काढल्याचं प्रकरण पेटलं, त्यावरच्या सुनावणीत गोन्झालेस ‘आठवत नाही’ असं पुन:पुन्हा सांगत राहिले आणि ऑगस्ट २००७ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांच्या जागी आलेल्या मायकेल म्युकेझी यांना सिनेटने वॉटरबोर्डिंग (तोंडावर पाणी ओतून कैद्याला बुडत असल्यासारखं वाटायला लावणं) हा छळ आहे की नाही, एवढं थेट विचारलं. त्यांनी स्पष्ट उत्तर दिलं नाही. तरी त्यांच्या नेमणुकीला ५३-४० ने मंजुरी मिळाली.