थ्री नॉट थ्रीपासून एके-२०३पर्यंत: काडतुसाच्या आकड्यांमागचा इतिहास

'गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त' ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत सातत्याने वाचायला मिळते. त्याच बातमीत चार ओळींनंतर त्याच काडतुसांना 'दोन गोळ्या' म्हटलेले असते आणि घटना गोळीबाराची असेल तर जागेवर 'पुंगळ्या' सापडल्याचाही उल्लेख येतो. हे तीन शब्द तीन वेगळ्या वस्तूंचे आहेत. काडतूस म्हणजे पूर्ण संच: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली आणि आघाताने पेटणारी केप, पुंगळीत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढल्यावर नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी, तर रिकामी पुंगळी मागे राहते. हा भेद पुस्तकी नाही. रायफलची ताकद कशात असते, तिच्यावरचा आकडा काय सांगतो आणि ती हाताळताना काय सांभाळायचे, हे तिन्ही प्रश्न याच भेदापाशी येऊन थांबतात.

'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. मूळ शब्द 'कार्तुशो' असून त्याची नाळ कागदाच्या सुरळीशी जोडलेली आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काडतूस खरोखरच कागदाची सुरळी होती. १८५३च्या एन्फिल्ड रायफलचे काडतूस असेच होते. शिपायाने सुरळीचे टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि मग वंगण लावलेल्या कागदासह गोळी गजाने आत ठासायची. या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी असल्याच्या समजुतीतून १८५७च्या उठावाची ठिणगी पडली हे सर्वज्ञात आहे. चरबी आणि धर्म यांवर भरपूर लिहिले गेले. मात्र, हे वंगण लागत होते कशासाठी, हे क्वचितच सांगितले जाते. एन्फिल्डच्या नळीला आतून वळणदार खाचा, म्हणजे आटे, होते. आट्यांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळते आणि ती सरळ, दूरवर जाते. पण काळ्या दारूची काजळी आट्यांत साचली की पुढची गोळी आत उतरेनाशी होते, आणि म्हणून वंगण. .५७७ इंच व्यासाच्या नळीतून सुमारे ३४ ग्रॅम वजनाची शिशाची ती गोळी सेकंदाला साधारण २७० मीटर वेगाने निघत असे.

हा वेग लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी कहाणी वेगाची आहे. गोळीची गतिज ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळते. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. एन्फिल्डच्या जड गोळीची ऊर्जा या हिशेबाने सुमारे १,२०० ज्यूल भरते, तर आजच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाची केवळ ४ ग्रॅमची गोळी सुमारे १,७५० ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. वजनाने आठव्या हिश्शाहूनही थोडी कमी असलेली ही गोळी ताकदीने मात्र जवळपास दीडपट आहे.

उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींच्या हातातील बंदुकीची ताकद जाणीवपूर्वक कमी केली. १८५८च्या नमुन्याची, आटे नसलेली गुळगुळीत नळीची मस्केट खास हिंदी सैन्यासाठी काढण्यात आली. बाहेरून ती एन्फिल्डसारखीच दिसे, पण अचूकता आणि पल्ला तिच्यात नव्हता. पुढे गोऱ्या पलटणींना पितळी काडतुसाची मार्टिनी-हेन्री मिळाल्यावर हिंदी पलटणींना जुनी स्नायडर देण्यात आली. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा मार्टिनी इकडे उतरली. एक पिढी मागे ठेवण्याचे हे धोरण केवळ लष्करी इतिहासाचा तपशील नाही. आजच्या भारतीय शस्त्र कायद्यातील बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या मापाची, विभागणी याच मनोवृत्तीतून आली, असे माझे मत आहे. त्याकडे पुढे येतोच.

कागदाच्या सुरळीची जागा धातूच्या पुंगळीने घेतली ती १८६०च्या दशकात. कर्नल एडवर्ड बॉक्सर यांच्या काडतुसात केप, दारू आणि गोळी एकत्र आली आणि ते मागच्या बाजूने भरता येऊ लागले. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९मध्ये उभा राहिला, तो याच स्थित्यंतराच्या काळात. पुंगळीचे काम दारू कोरडी ठेवण्यापुरते नव्हते. दाबाने ती फुगून नळीच्या मागच्या भिंतीला चिकटते आणि तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ देत नाही. चुकीच्या मापाचे काडतूस का घातक ठरते, याचे उत्तर या फुगण्यात आहे. पुंगळीला चहूबाजूंनी नळीचा नेमका आधार नसेल तर ती फाटते.

खरी क्रांती दारूत झाली. फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४मध्ये धूरविरहित दारू तयार केली आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याकडे ८ मिलिमीटरची लेबेल रायफल आली. काळी दारू कितीही भरली तरी वेगाला मर्यादा होती. नव्या दारूने ती ओलांडली, आणि गोळी लहान करून वेग वाढवणे शक्य झाले. इंग्रजांचे .३०३ काडतूस या संक्रमणाच्या ऐन मध्यावर जन्मले. सुरुवातीला त्यात दाबलेली काळी दारू होती आणि १८९०च्या दशकाच्या प्रारंभी तिची जागा कॉर्डाइट या धूरविरहित दारूने घेतली. १९१०मध्ये स्वीकारलेली त्याची सातव्या मार्कची, म्हणजे आवृत्तीची, टोकदार गोळी ११.३ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर, म्हणजे ऊर्जा ३,१०० ज्यूलच्या आसपास. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांत 'थ्री नॉट थ्री' या नावाने पिढ्यान् पिढ्या ओळखले गेलेले काडतूस ते हेच.

ताकद केवळ ज्यूलमध्ये मोजता येत नाही, हेही हिंदुस्थानातच समोर आले. १८९५च्या चित्रळ मोहिमेत .३०३ची कवचबंद, म्हणजे शिशावर धातूचे आवरण असलेली, गोळी माणसाच्या शरीरातून आरपार जाते, पण त्याला थांबवत नाही, अशा तक्रारी आल्या. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात टोकाचे कवच उघडे ठेवलेली, शरीरात पसरणारी गोळी बनवण्यात आली. तिने होणाऱ्या जखमा इतक्या भीषण होत्या की १८९९च्या हेग परिषदेने युद्धात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली.

आता आकड्यांकडे वळू. .३०३ म्हणजे इंचाचे ३०३ सहस्रांश, पण हे माप आटे पाडण्यापूर्वीच्या नळीचे आहे. प्रत्यक्ष गोळी .३११ इंच, म्हणजे साधारण ७.९ मिलिमीटर असते. नाटोच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाची गोळी ७.८२ मिलिमीटरची आणि ५.५६ची ५.७ मिलिमीटरची. अर्थात काडतुसाचा आकडा हे नाव आहे, आणि तेही प्रत्येक देशाने आपापल्या सवयीने ठेवलेले. ताकदीबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातील .२२ काडतूस ५.६ मिलिमीटरचे म्हणून ओळखले जाते, आणि सैन्यातील इन्सास रायफलचे ५.५६चे. दोन्ही गोळ्यांचा व्यास जवळपास सारखा. पण .२२ची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल, तर इन्सासच्या काडतुसाची त्याच्या बारापट. फरक आहे तो पुंगळीच्या लांबीत, तिच्यात मावणाऱ्या दारूत. म्हणूनच मेट्रिक पद्धतीत दुसरा आकडा, पुंगळीची लांबी, जोडून लिहिला जातो: ५.५६ गुणिले ४५. हा दुसरा आकडा गाळला की अर्धी माहिती हरवते, आणि आपल्या बातम्यांत तो बहुधा गाळलेलाच असतो.

१९६२च्या चीन युद्धात भारतीय पायदळाच्या हाती प्रामुख्याने .३०३च होती. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) हाताने मागे-पुढे करावा लागणारी ही रायफल स्वयंचलित शस्त्रांपुढे उणी पडली. त्याच दशकात ईशापूरच्या कारखान्यात ७.६२ गुणिले ५१ मिलिमीटरची एसएलआर बनू लागली, जी चाप ओढताच एक गोळी झाडून पुढचे काडतूस स्वतःच भरून घेई. तिच्या काडतुसाची ऊर्जा सुमारे ३,३०० ज्यूल, म्हणजे .३०३पेक्षा थोडी अधिक. ईशापूरने जुन्या धाटणीची बोल्ट रायफलही या नव्या काडतुसासाठी काढली. लांबून ती .३०३सारखीच दिसते. कोणती कोणती, हे तिच्यावर ठोकलेल्या अक्षरांवरूनच कळते.

तोवर जग दुसऱ्या दिशेने निघाले होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या लक्षात आले की पायदळाची बहुतेक लढाई चारशे मीटरच्या आत होते आणि पूर्ण ताकदीचे काडतूस तिथे अनावश्यक जड ठरते. त्यांनी पुंगळी आखूड केली. सोव्हिएत रशियाने १९४३मध्ये ७.६२ गुणिले ३९चे काडतूस तयार केले आणि एके-४७ त्याच्याभोवती घडली. अमेरिकेने व्यासच कमी करून ५.५६ गाठले. भारतात पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने ५.५६ची इन्सास रायफल विकसित केली आणि ती १९९०च्या दशकात सैन्यात आली. भुसावळजवळच्या वरणगाव कारखान्यात तिची काडतुसे तयार होतात. ५.५६ स्वीकारण्याचे कारण 'शत्रूला ठार न करता जखमी करायचे' असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. ७.६२ गुणिले ५१चे एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचे आणि ५.५६चे १२ ग्रॅमचे. तेवढ्याच वजनात दुप्पट काडतुसे नेता येणे आणि खांद्याला बसणारा धक्का कमी होणे, हे लाभ इतके उघड आहेत की दुसरे कारण शोधावे लागत नाही.

पुढे सीमेवरच्या लांब पल्ल्याच्या चकमकींसाठी अधिक ताकद हवी असा विचार बळावला आणि २०१९मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींची मागणी नोंदवण्यात आली. अमेठीजवळच्या कोरवा येथे एके-२०३चे उत्पादन सुरू झाले. या दोन्ही रायफली '७.६२'च्या. पण सिगचे काडतूस ५१ मिलिमीटर पुंगळीचे आणि एके-२०३चे ३९चे. ऊर्जेत सव्वा ते दीड हजार ज्यूलचा फरक, आणि एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही.

नागरिकांच्या बाबतीत आकड्याला कायद्याचे वजन आले. १९५९च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ज्या शस्त्रातून .३०३ किंवा ७.६२ची लष्करी काडतुसे झाडता येतात, ते प्रतिबंधित बोअरचे ठरते. पोलिसांसाठी .३०३चाच सांगाडा वापरून बनवलेल्या, एका वेळी एकच बार काढणाऱ्या .४१० मस्केटचे काडतूसही त्याच यादीत आहे. परवानाधारकांत प्रचलित आहे ती .३१५ रायफल. तिचे काडतूस मूळ ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर मॅनलिकरच्या घराण्यातले आणि ताकदीने .३०३च्या फार मागे नाही. कायद्याचा निकष ताकद नव्हता. सरकारी गोदामातील काडतूस खासगी बंदुकीत चालू नये, हा होता, आणि त्यामागे १८५८च्या गुळगुळीत नळीची आठवण दिसते. गावठी कट्ट्यांच्या बातम्यांत वारंवार येणारे '८ एमएम' काडतूस ते हेच. त्याच्या बुडावरील 'केएफ' ही अक्षरे खडकी कारखान्याची खूण आहे. कट्ट्याची नळी बहुधा साध्या पाइपची असते आणि हजारो किलो दाबासाठी घडवलेल्या या काडतुसापुढे ती टिकेलच असे नाही. झाडणाऱ्याचा हातही त्यात जातो.

सुरक्षिततेचे नियम या सगळ्या इतिहासातून निघाले आहेत. बंदूक नेहमी भरलेली आहे असे समजावे, नळी कधीही माणसाकडे वळवू नये, नेम धरल्याशिवाय बोट चापावर नेऊ नये, आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते जाणून घ्यावे. शेवटचा नियम ताकदीशी जोडलेला आहे: .२२ची 'किरकोळ' गोळीसुद्धा सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते आणि .३०३ची त्याच्या दुपटीहून पुढे. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. २०१९च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. काडतूस फुटले नाही तर बोल्ट लगेच उघडू नये. केप पेटूनही दारू उशिरा पेट घेऊ शकते, म्हणून नळी लक्ष्याच्या दिशेने रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे.

छर्‍याच्या बंदुकीत आकडे उलटे चालतात. एक पौंड शिशाचे बारा समान गोल गोळे केले तर एका गोळ्याचा जो व्यास, तो बारा बोअर. म्हणून वीस बोअर बारापेक्षा बारीक असतो. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकले तर ते पुढे घसरून मध्येच अडकते, मागून बारा बोअरचे काडतूस सहज बसते आणि झाडताच नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात याच अपघातांमुळे पडला.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका अजूनही आहेत, म्हणजे १८५३ची रीत तिथे संपलेली नाही. या बंदुकीत काडतूसच नसल्याने मागून उघडून पाहण्याची सोय नसते. ती भरलेली आहे हे विसरून वर दुसरा बार ठासला गेला, किंवा काळ्या दारूऐवजी काडतुसातून काढलेली धूरविरहित दारू भरली, तर नळी तो दाब सोसत नाही. म्हणून जाणते लोक रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडून तोंडापाशी त्यावर एक खूण करून ठेवतात. पुढे बंदूक हातात घेताना केप काढून गज पुन्हा आत सोडला आणि ती खूण नळीच्या बाहेर राहिली, तर आत बार आहे.