अंगणातला कोबा आणि डोक्यावरचा स्लॅब: तोडण्याच्या खर्चात एवढा फरक का?

'काल आमचा स्लॅब पडला' असे कोणी पेढे वाटत सांगितले, तर त्याच्या घराचे छत ओतून झाले एवढाच त्याचा अर्थ असतो. आपल्याकडे स्लॅब म्हणजे डोक्यावरचे छत. परंतु अलीकडे अंगणात, पार्किंगमध्ये किंवा परसात जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटलाही लोक सर्रास स्लॅबच म्हणू लागले आहेत. अमेरिकेत तर या शब्दाने बहुधा जमिनीवरचेच काँक्रीट अभिप्रेत असते, त्यामुळे इंटरनेटवर 'स्लॅब काढण्याचा खर्च' शोधणाऱ्याला जे आकडे दिसतात ते परसातल्या कोब्याचे असतात आणि तो ते आपल्या छताला लावून मोकळा होतो.

आम्हीही याच घोळात सापडलो होतो. अंगणातला सुमारे 200 चौरस फुटांचा कोबा आणि माडीवरच्या जुन्या स्वयंपाकघराचा जवळपास तेवढाच स्लॅब अशी दोन कामे होती, आणि ठेकेदाराने कागदावर 'स्लॅब तोडणे, 45 रुपये चौरस फूट' अशी एकच ओळ लिहून दिली होती. कोब्याचा हिशेब त्या दरात बसला. स्लॅबचे मात्र टेके वेगळे, सळया कापणे वेगळे, राडारोडा खाली उतरवणे वेगळे असे करत देयक तिपटीच्या वर गेले. त्या माणसाने फसवले असे मी म्हणणार नाही. दोन कामे एकच आहेत असे आम्हीच गृहीत धरले होते.

जमिनीवरचा कोबा म्हणजे मुरूम दाबून, त्यावर दगडांचे सोलिंग करून ओतलेला, साधारण चार इंच जाडीचा आणि बहुतेक वेळा सळईविना असलेला थर होय. त्याचा भार जमीन पेलते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या जेमतेम एक दशांश असते, आणि कोबा फोडणारे जुने कामगार नेमका याचाच फायदा घेतात. ते कडेचा मुरूम थोडा उकरतात, पहार घालून कोब्याची कड बोटभर उचलतात, खाली एक धोंडा सरकवतात आणि मग त्या पोकळ भागावर घण घालतात. जमिनीला टेकलेल्या कोब्यावर वीस घाव घालून जे होत नाही, ते अधांतरी कडेवर दोन-तीन घावांत होते. 'टक' असा कोरडा आवाज येतो आणि पाटाएवढा तुकडा सुटा होतो. ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडणारे यंत्र, लावला तरी युक्ती हीच. जेसीबी आत येण्याइतके फाटक रुंद असेल, तर काम काही तासांचे उरते.

कोब्याच्या बाबतीत विचारून घ्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत. गाडीच्या उतारावर किंवा जड वाहनांच्या जागी आत जाळी टाकलेली असू शकते, जाडी चारऐवजी सहा इंच निघू शकते आणि खालून सांडपाण्याचा किंवा नळाचा पाइप गेलेला असू शकतो. एका कोपऱ्यात वीतभर खड्डा फोडून पाहिला की पहिल्या दोन शंका मिटतात.

डोक्यावरच्या स्लॅबचे गणित मुळातच निराळे आहे. तिथे काँक्रीट फुटले तरी पडत नाही, सळयांना लोंबकळत राहते; म्हणून आधी पट्ट्यापट्ट्यांनी काँक्रीट झोडून सळया उघड्या कराव्या लागतात आणि मग त्या कापाव्या लागतात. शिवाय जे तोडायचे त्यावरच कामगार उभे असतात, म्हणून खालून टेके लावल्याशिवाय पहिला घावही घालता येत नाही.

खर्चाचा खरा स्फोट मात्र वजनात आहे. 200 चौरस फूट आणि पाच इंच जाडीच्या स्लॅबमध्ये सुमारे 83 घनफूट, म्हणजे 2.36 घनमीटर काँक्रीट असते, आणि सळईसह घनमीटरला 2500 किलो धरले तर त्याचे वजन जवळजवळ सहा टन भरते. घमेल्यात वीस किलो माल भरला, तर ही तीनशे घमेली झाली, आणि ती सगळी जिन्याने खाली न्यायची. 'फोडून तिथेच पडू द्या, नंतर सावकाश उचलू' असे घरमालक म्हणतात, ते अतिशय धोक्याचे आहे. राहत्या घराच्या मजल्यावर माणसे आणि सामान यांचा म्हणून चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरलेला असतो, तर पाच इंची स्लॅबचे स्वतःचेच वजन चौरस मीटरला 300 किलोंच्या वर जाते. म्हणजे वरचा स्लॅब खालच्या मजल्यावर नुसता सारखा पसरून ठेवला तरी मर्यादा ओलांडली जाते. उंचावरून आदळल्याचा धक्का आणि कोपऱ्यात रचलेले ढीग तर पुढची गोष्ट. म्हणून टेके खालच्या मजल्यालाही लागतात आणि माल रोजच्या रोज उतरवावा लागतो. मजुरीचा मोठा भाग तोडण्यापेक्षा या वाहण्यात जातो.

तोडण्याचा क्रमही महत्त्वाचा असतो. पुढे आलेली गॅलरी बऱ्याचदा आतल्या स्लॅबच्या वजनावर तोललेली असते आणि तिच्या मुख्य सळया वरच्या अंगाला असतात; आतला स्लॅब आधी काढला, तर गॅलरीला मागून धरणारे काही उरत नाही. शेजारच्या खोलीत सलग गेलेल्या स्लॅबचा एक गाळा, म्हणजे दोन आधारांमधला भाग, काढला, तर उरलेल्या गाळ्यावर पूर्वी नव्हता असा ताण येतो. त्यामुळे स्लॅबच्या अंदाजपत्रकात स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी आणि नगरपालिकेची किंवा सोसायटीची परवानगी यांसाठी जागा ठेवलीच पाहिजे. अंगणातल्या साध्या कोब्याला इंजिनिअर बोलावण्याची गरज सहसा पडत नाही.

गच्ची गळते म्हणून 'स्लॅब तोडायचा आहे' असे म्हणणाऱ्यांची एक तिसरीच गल्लत असते. त्यांना बहुधा स्लॅबवरचा, विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा कोबा काढायचा असतो आणि खालचा स्लॅब शाबूत ठेवायचा असतो. तिथे जड ब्रेकर चालवणे म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

चौरस फुटाचा दर मुळातच फसवा आहे, कारण त्यात जाडी कुठेच दिसत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत हे तोडकाम घनमीटरने मोजले जाते, साध्या काँक्रीटची आणि सळईच्या काँक्रीटची बाब वेगळी धरली जाते आणि दरात तोडलेला माल 50 मीटरपर्यंत हलवणे समाविष्ट असते. घरगुती कामातही हाच शिरस्ता पाळावा. आपल्याकडे ठेकेदार ब्रासमध्ये बोलतात आणि एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. 200 चौरस फुटांचा चार इंची कोबा 67 घनफूट भरतो, पण फुटल्यावर माल फुगून दीडपट होतो, म्हणजे वाहतूक एका ब्रासची. स्लॅबची सव्वा ब्रासची.

हा माल, ज्याला पुण्यात राडारोडा आणि मुंबईत डेब्रिज म्हणतात, ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकता येत नाही. बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली, म्हणून ट्रॉली कुठे रिकामी होणार हे दर ठरवतानाच विचारावे.

सळयांचे तेवढे राहिले. वरच्या उदाहरणातल्या स्लॅबमधून दीडशे ते दोनशे किलो लोखंड सहज निघते आणि ते भंगारात रोखीने जाते. कोब्यातून असे काहीच हाती लागत नाही. ते लोखंड मालकाचे की ठेकेदाराचे हे आमच्या कागदावर लिहिलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाहायला गेलो, तेव्हा खालच्या खोलीत टेके होते, धूळ होती आणि सळया मात्र गेलेल्या होत्या.