चिऱ्याने प्यायलेले तेल

आमच्या फोंड्याच्या घरी पडवीतल्या चिऱ्यावर एक काळा डाग आहे. स्कूटरचे इंजिन ऑइल तिथे ठिबकत राहिले आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत चिरा ते पिऊन मोकळा झाला. मग मी सगळे करतात तेच केले. साबणाची पूड टाकली, खराट्याने खसाखसा घासले, वर चार बालद्या पाणी ओतले. डाग फिका पडला. पुढच्या उन्हाळ्यात परत आला, तोही आधीपेक्षा रुंद होऊन.

चूक पाण्यात होती. चिरा, म्हणजे जांभा दगड, छिद्रांनी भरलेला असतो आणि दिव्याच्या वातीसारखे तेल आत ओढतो. साबण तेलाचे बारीक थेंब करतो, पाणी ते थेंब आणखी खोल नेते. ऊन तापले की तेल पातळ होऊन पुन्हा वर चढते. म्हणून आधी टिपायचे, धुवायचे नंतर. सांडल्याबरोबर लाकडाचा भुसा टाकावा. जुना डाग असेल तर मुलतानी माती साबणाच्या पाण्यात कालवून बोटभर जाड थापावी, रात्रभर प्लास्टिकने झाकावी, मग उघडी करून वाळू द्यावी. वाळताना ओल बाहेरच्या बाजूला सरकते आणि तेलालाही सोबत आणते. दोन-तीन वेळा तरी करावे लागते. अॅसिड मात्र नको. ते तेलाला हात लावत नाही, सिमेंटमधला चुना तेवढा खाते.

तेलातेलातही फरक आहे. इंजिन ऑइल काँक्रीटचे फारसे बिघडवत नाही, नुसते डागाळते. खायच्या तेलातली स्निग्धाम्ले मात्र सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून एक प्रकारचा साबण बनवतात आणि पृष्ठभाग हळूहळू ठिसूळ होतो. देवघरात समईखाली जमणारा चिकट काळा थर तिळेलाचा असतो, कारण हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जाते. खोबरेल तसे होत नाही, वर्षानुवर्षे ओशटच राहते. (आमच्याकडे याचे खापर समई घासणाऱ्यावर फुटते!)

मातीत गेलेल्या तेलाची गोष्ट वेगळी, कारण तिथे ते खाणारे असतात. तेल पचवणारे जीवाणू बहुतेक मातीत थोड्या संख्येने असतातच. तेलात कार्बन भरपूर, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाही. नुसत्या भातावर माणूस जगेल का? साधारण १०० भाग कार्बनला १० भाग नत्र आणि १ भाग स्फुरद असे प्रमाण धरतात. कुजलेले शेणखत दोन्ही पुरवते, वर नवे जीवाणूही आणते. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणून थोडा चुना घालावा. दर आठवड्याला माती उलटी करावी, ती ओलसर असावी पण चिखल नको, कारण चिखलात प्राणवायू पोहोचत नाही. गोव्यात म्हणूनच हे काम पाऊस संपल्यावर हाती घ्यावे आणि जूनमध्ये त्या मातीचा ढीग ताडपत्रीखाली असावा. मोठ्या प्रमाणावर हेच तत्त्व टेरी या संस्थेच्या ‘ऑइलझॅपर’मध्ये आहे: निवडक जीवाणू मक्याच्या कणसाच्या भुग्यावर बसवून तेलकट गाळात मिसळतात.

जीवाणू सरळ साखळीचे रेणू आधी फस्त करतात, अनेक कडी जोडलेले जड रेणू ताटात राहतात. कळंगुटच्या वाळूत पायाला चिकटणारे डांबरगोळे हे असेच समुद्रावर हलका भाग उडून गेल्यावर उरलेले शेष. शिवाय वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जस्त, शिसे असे धातू असतात आणि धातू कोणताच जीवाणू पचवत नाही. त्या जागी अळू लावू नये.

सर्वांत अवघड विहीर. २०२३ च्या पावसाळ्यात माटवे-दाबोळीच्या विहिरींत इंधन उतरले होते. जांभ्यातल्या पोकळ्यांतून ते कुठून कुठे जाईल याचा अंदाज बांधणे कठीण. पाण्यावरचा तरंगता थर उपसता येतो, अर्थात प्रशिक्षित माणसांकडून. विहिरीत वास येत असताना साधी काडी पेटवणेही जिवावर बेतेल. पण पेट्रोलमधले बेंझिन हे विषारी द्रव्य थोडेसे पाण्यात विरघळते आणि वरचा थर काढला तरी ते मागे राहते. पाणी उकळले तर बेंझिन निघते खरे, पण जाते आपल्याच स्वयंपाकघरातल्या हवेत.